आमोस बटलरची न गिळलेली वाईन

आमोस शलमोन उजागरे जेवायला बसला की शेजारच्याची भूक मरायची. घास तोंडात घालण्याआधी तो हुंगायचा. भाकरी हुंगायचा, पिठलं हुंगायचा, ठेचा हुंगून डोळ्यांत पाणी आणायचा. पाण्याचा तांब्या तोंडाला लावला तर पहिला घोट या गालातून त्या गालात फिरवायचा, आढ्याकडे बघायचा आणि म्हणायचा, "विहिरीचं आहे. जरा लोखंडी." अहो, तहान लागली म्हणून माणूस पाणी पितो! पण हे त्याला सांगणार कोण? भिंगारात त्याच्या घराला लागून माझं शिवणकामाचं दुकान, त्यामुळे सांगायची पाळी रोज माझ्यावर यायची आणि रोज मीच हरायचो.

हा रोग त्याला जडला कॅम्पातल्या गोऱ्या साहेबांच्या मेसमध्ये. चौदाव्या वर्षी तो तिथे भांडी घासायला लागला. पंचविसाव्या वर्षी टेबलावर वाढायला उभा राहिला, आणि तिशीला टेकतो न टेकतो तोच दारूच्या कोठीच्या किल्ल्या त्याच्या कमरेला आल्या. अंगात पांढरा कोट, तो मी शिवलेला म्हणून अंगाला बसायचा. कमरेला लाल पट्टा, डोक्याला ताठ फेटा. साहेब लोक मटणाबरोबर फ्रान्सची लाल वाईन घ्यायचे, बोर्दो नावाच्या मुलखातली. मेसचा नियम असा की बाटलीचं बूच काढलं की पहिली अंगठाभर वाईन बटलरने स्वतःच्या ग्लासात ओतायची आणि चाखायची. बूच कुजलेलं नाही, माल बिघडलेला नाही, अशी खात्री पटली की मगच बाटली टेबलावर न्यायची. कर्नलसाहेबाच्या तोंडात एक खराब घोट गेला की बटलर घरी.

आता गंमत ऐका. आमोस मिशनच्या ख्रिस्ती मंडळीतला. त्या मंडळीत दारूचं नाव निघालं तरी बायका कानांवर हात ठेवायच्या. पोरगं सोळा वर्षांचं झालं की त्याच्याकडून कागदावर सही घेत, की मी दारू पिणार नाही. आमोसचीही सही होती. मग चाखायची कशी? याने तोड काढली. तोंडात घ्यायची, फिरवायची आणि मोरीत थुंकायची. वीस वर्षं फ्रान्सचा उत्तमातला उत्तम माल या माणसाच्या तोंडातून आमच्या भिंगारच्या गटारात गेला.

मंडळीचे पंच होते योसेफदादा, आमोसच्या बायकोचे, मार्थाबाईंचे, थोरले भाऊ. माणूस सरळ, पण चौकशीला पक्का. दर ईस्टरच्या आधी ते आमोसला समोर उभं करायचे.

"गिळली का?"

"नाही दादा."

"एखादा घोट? चुकून?"

"चुकूनही नाही."

मग त्याला चर्चमधल्या प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकरी आणि द्राक्षरस घ्यायच्या विधीला, बसायची मोकळीक मिळायची. लोक हसायचे. मीही हसायचो, आणि कोटाचं माप घ्यायच्या निमित्ताने मेसच्या पॅन्ट्रीच्या दाराआड उभं राहून मी त्याच्यावर पाळतही ठेवली आहे. माणूस खरंच थुंकायचा. इतका सच्चा माणूस, आणि इतका ताप!

सत्तेचाळीस साल आलं आणि साहेब लोकांनी गाशा गुंडाळला. शेवटच्या मेजरने जाताना आमोसच्या हातावर लाल वाईनच्या सहा बाटल्या ठेवल्या, पाठ थोपटली आणि तो बोटीला लागला. नवे साहेब आले ते आपली माणसं घेऊन. एकोणपन्नासाव्या वर्षी आमोस बिनकामाचा झाला. घरी बसून तो मार्थाबाईंच्या फोडणीला नावं ठेवू लागला, आणि मार्थाबाई माझ्या दुकानात येऊन मला म्हणू लागल्या, "मास्तर, ह्यांना कुठेतरी चिकटवा. नाहीतर मीच कुठेतरी जाते."

जानेवारीत आशा दिसली. बेलापूर रोडला, म्हणजे आताच्या श्रीरामपूरकडे, एक नवा साखर कारखाना उभा राहत होता. मालक राधाकृष्णशेठ, गुळाच्या व्यापारातून वर आलेला माणूस. यंत्रं फ्रान्सहून यायची होती आणि ती बसवायला एक फ्रेंच इंजिनिअर. त्याच्यासाठी शेठने पाहुण्यांचा बंगला बांधला होता आणि बंगल्याला बटलर हवा होता. आमोस जाऊन भेटला. शेठ म्हणाला, "फ्रान्सची दारू ओळखणारा माणूस नगर जिल्ह्यात तू एकटाच, असं ऐकतो. जूनमध्ये साहेबाला मी जेवण देणार आहे. तुझी बाटली आण, तूच वाढ. साहेब खूश झाला तर नोकरी तुझी. राहायला दोन खोल्या. नाही झाला, तर राम राम."

एका जेवणावर नोकरी! आमोस परतला तो तरंगतच. पण घरी येऊन टेकला नाही तोच त्याच्या डोक्यात किडा वळवळला. शेठ शाकाहारी. साहेबांच्या भाजलेल्या मटणाबरोबर काय जातं ते आमोसला पाठ होतं. वांग्याबरोबर काय जातं, भाकरीबरोबर काय जातं, ते कुणी कधी बघितलं होतं?

"मास्तर," तो म्हणाला, "प्रयोग करावा लागेल."

"कर की."

"गिळणारा माणूस पाहिजे. मी थुंकणार. जेवणात ती कशी बसते ते पुरं तुम्हीच सांगू शकाल."

मला वाटलं, चला, फुकटात फ्रान्सची दारू मिळते आहे. तिथेच फसलो.

पहिली बाटली संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी उघडली. घरी म्हणजे ओट्यावर. मार्थाबाईंनी बजावलं होतं की उघडलेली बाटली उंबऱ्याच्या आत येणार नाही आणि माझ्या एकाही भांड्याला लागणार नाही. आमोसने मेसच्या लिलावातून आणलेले दोन काचेचे ग्लास मांडले. सुरुवात मटणाच्या रश्श्यापासून करू म्हणाला, कारण ओळखीच्या रस्त्याने निघावं. मार्थाबाईंचा रस्सा काळ्या मसाल्याचा, वर तर्रीचा बोटभर तवंग. वास आला की तोंडाला पाणी सुटायचं. मी भाकरी मोडली आणि हात घालणार, तोच आमोस ओरडला, "थांबा! आधी रंग बघा."

रंग बघितला. लाल होता.

"आता हुंगा."

हुंगलं.

"आता तोंडात घ्या. गिळू नका लगेच. काय लागलं?"

"आंबट."

"आणखी?"

"तुरट."

"आणखी, मास्तर, आणखी! जीभ टाळ्याला लावा. जांभळाची साल. पावसाने भिजलेली मुरमाड जमीन. सिगारच्या डब्याचं लाकूड!"

"आमोस, मी शिंपी आहे. सिगारचा डबा मी आजवर चाटलेला नाही."

आतून मार्थाबाईंचा आवाज आला. "मास्तर, रस्सा निवतोय. त्यांचं चालू द्या."

मी रश्श्याचा घास घेतला आणि वर वाईनचा घोट. काय सांगू! तिखट असं पेटलं की कानांतून धूर निघायचा बाकी राहिला. आमोस डोळे मिटून पुटपुटला, "मसाला चढतो, वाईन मरते. हे जमत नाही." इकडे मी मरत होतो त्याचं काही नाही. मी धडपडत आत गेलो, साखरेचा डबा मागितला आणि दोन चमचे साखर सरळ ग्लासात घालून ढवळली. बरी लागली हो! सरबतासारखी. डोळे पुसून बघतो तर आमोस भिंतीला टेकून उभा आणि चेहरा असा की जणू मी त्याच्या आईचं नाव घेऊन काही बोललो. त्या दिवसानंतर आठ दिवस तो माझ्याशी बोलला नाही. तेवढे आठ दिवस माझी भाकरी सुखाची गेली.

नवव्या दिवशी आला. म्हणाला, "घरी जमत नाही. बाहेर जेवायला जाऊ."

बाहेर म्हणजे कुठे? आमच्याकडे बाहेर जेवायचं म्हणजे स्टेशनच्या रस्त्याला गोजरबाईची खानावळ. टांगेवाले, हमाल, बाजाराला आलेले शेतकरी. पाटावर बसायचं आणि पितळीत जेवायचं. आमोस पांढरा कोट घालून आला. बाटली धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली, ग्लास दोन खिशांत दोन. त्या गर्दीत आम्ही असे दिसत होतो की जणू वरातीतून चुकून आलेले. मी भिंतीकडे तोंड करून बसलो.

गोजरबाईने भाकरी, भरलं वांगं आणि शेंगदाण्याची चटणी वाढली. आमोसने घास घेतला, घोट घेतला, गालांतून फिरवला आणि समोरच्या पितळेच्या पेल्यात पचकन थुंकला. मग पुन्हा घास, पुन्हा घोट, पुन्हा पचकन. आजूबाजूचे हात थांबले. एका टांगेवाल्याने आपली पितळी उचलून लांब नेली.

गोजरबाई कमरेवर हात ठेवून पुढ्यात उभी. "का वं पाव्हनं? माशी पडली का काय?"

"नाही बाई. वांगं उत्तम आहे."

"उत्तम हाय तर थुकता कशापायी?"

"वांगं नाही थुंकत. हे थुंकतो."

"मंग पिताच कशापायी? माज्या खानावळीत आजवर उधारी ठिवून गेले, भांडून गेले, पर थुकलं कुनी न्हाई!"

मी सांभाळून घ्यायला गेलो. "बाई, यांचं कामच आहे ते. फ्रान्सची दारू आहे ही. चव बघतात."

"दारू व्हय? आना हिकडं." तिने माझा ग्लास उचलला आणि उभ्या उभ्या एका दमात रिकामा केला. सगळी खानावळ बघतेय. तिने ओठ पुसले, जरा वाट बघितली, आणि तोंड वाकडं केलं. "ही दारू? ना जळजळ, ना काय. आमसुलाचं पानी बरं हिच्यापरीस. आन् ह्येच्यासाठी कोट घालून आलाय ह्यो बाबा! उठा. उठा म्हंते! पेला घासून ठिवा आन् मंग जावा."

पेला आमोसने घासला. मेसमधली सवय, चकचकीत घासला. बाहेर आल्यावर मी त्याला झापणार, तर त्याने माझे दोन्ही खांदे धरले. "सापडलं, मास्तर! वांग्यातले तीळ आणि शेंगदाणे. तेल जिभेवर बसतं, तुरटपणा गुळगुळीत होतो. आणि गोड मात्र जवळ येऊ द्यायचं नाही. गोडावर ती शिरक्यासारखी लागेल. वांगं, भाकरी आणि बोर्दो!" रस्त्यावरचे लोक थांबून बघत होते. मी म्हटलं, "खांदे सोड आधी."

चार बाटल्या उरल्या. त्या माळ्यावर, पत्र्याखाली. आठ दिवसांनी मोजल्या तर तीनच. आता घरात पिणारं कोणी नाही, चोर आला असता तर काचेचे ग्लासही गेले असते, मग संशय कुणावर? ज्याने वाईनमध्ये साखर घातली त्याच्यावर. "मास्तर, मागून घेतली असतीत तर मी दिली असती." चार महिने ऐकलं हो मी हे. उन्हाळाभर, रोज, कात्री चालवताना. मी शपथा घेतल्या. तो म्हणायचा, "शपथ नको, फक्त सांगा, कशाबरोबर घेतली?"

जून उजाडला. शेठची चिठ्ठी आली, बुधवारी संध्याकाळी या. मंगळवारी दुपारी आमोसने माळ्यावरून तीन बाटल्या उतरवून ओट्यावर आणल्या. मला नव्या कोटाची गुंडी लावायला बोलावलं होतं, म्हणून हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलं. त्याने पहिलं बूच काढलं, अंगठाभर ओतली, उजेडाला धरली, हुंगली, तोंडात फिरवली आणि ओट्यालगतच्या मोरीत थुंकली.

"अव्वल," तो म्हणाला.

मार्थाबाई चार हातांच्या अंतरावर उंबऱ्यात बसून मनुके निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आंबलीय."

"काय?"

"आंबलीय म्हटलं."

"तुला इथून काय कळतं? तू कधी तोंडात तरी घेतलीस?"

त्या मनुक्यांचं सांगायला हवं. मंडळीच्या प्रभुभोजनाला खरी वाईन चालत नाही. मनुके भिजवायचे, उकळायचे, फडक्याने गाळायचे, तो रस. तो करायचं काम वीस वर्षं मार्थाबाईंकडे. आमच्या उन्हात तो रस अर्ध्या दिवसात फसफसायला लागतो, आणि फसफसला की त्याची दारूच. म्हणजे ही बाई वीस वर्षं शनिवारी रात्रीपासून रविवारी उपासना सुटेपर्यंत बरणीला नाक लावून बसायची, की रस रसच राहिलाय ना. नवरा वाईन चांगली आहे का बघणार आणि बायको रसाची वाईन झाली नाही ना ते बघणार. काय जोडा जमवलाय!

मार्थाबाई मनुके झटकत उठल्या. "तोंडात कशाला घ्यायला हवी? पत्र्याखाली दोन उन्हाळी महिने काढलेत तिने. बुचातून पाझरलीय, बाटलीला ओघळ आलेत, आणि हे म्हणतात अव्वल!"

आमोसने पुन्हा ओतली. पुन्हा तोंडात घेतली. या वेळी लगेच थुंकली.  दुसरी उघडली. तिसरी उघडली. तिन्ही ओळीने मोरीत ओतल्या, आणि वास असा सुटला की लोणच्याची बरणी फुटल्यासारखा. जिभेला नोकरी हवी होती हो, म्हणून जीभ पहिल्यांदा खोटं बोलली. एरवी असा चुकणारा तो नव्हता. मोरीपाशी तो नुसता बसून राहिला. चिडवायला माझ्याकडे दहा गोष्टी होत्या, पण त्याची पाठ बघून मी गुंडीचा दोरा ओवत राहिलो.

मार्थाबाई आत गेल्या. ज्वारीच्या कणगीत खांद्यापर्यंत हात घातला आणि एक बाटली ओढून काढली. लाखबंद, कोरडी, थंडगार.

"ही कुठून आली?" आमोस.

"फेब्रुवारीत दादा यायचे होते. माळ्याखालीच जेवायला बसतात ते. म्हटलं निदान एक तरी कमी दिसावी, म्हणून ज्वारीत पुरली. मग विसरले."

"चार महिने!" मी ओरडलो. "चार महिने हा माणूस मला चोर म्हणतोय!"

"मला वाटलं तुम्हीच प्यायलात," मार्थाबाई शांतपणे म्हणाल्या. "तुम्हाला साखर मागताना बघितलं होतं मी." बूच त्यांनी नाकाजवळ नेलं, डोळे बारीक केले. "ही राहिलीय. न्या."

बुधवारी आम्ही गाडीने निघालो. बंगल्याच्या पडद्यांची मापं घ्यायला शेठने शिंपीही मागितला होता, म्हणून मी. आमोस बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून तान्ह्या पोरासारखी मांडीवर घेऊन बसला. राहुरीला एका म्हातारीने विचारलंसुद्धा, मुलगा की मुलगी.

बंगल्याला अजून चुन्याचा वास होता. फ्रेंच साहेबाचं नाव गास्पार. दोन महिने वरणभात खाऊन तो वरणासारखाच पिवळा पडला होता. आमोसने पाठीमागे जाऊन बूच काढलं, वाईन चाखली, थुंकली, आणि परत आला तो हसतमुख. माल फक्कड होता. मग तो स्वयंपाकघरात शिरला आणि त्याचं हसू मावळलं. शेठचा स्वयंपाकी गहिनीनाथ, आमोसने कळवलेलं भरलं वांगं बाजूला ठेवून, आमरस घोटत होता. पातेलंभर.

"हे शेवटी वाढायचं," आमोस म्हणाला.

"आमच्यात आधी वाढत्यात."

"आज शेवटी."

"शेठला इचारा."

आमोस शेठकडे गेला. शेठला राग यायचाच बाकी होता. "पाहुण्याला पहिला घास गोडाचा. माझ्या घरात हे चुकलेलं नाही. तू वाईन बघ, आंबा मी बघतो."

मी खिडकीपाशी टेप घेऊन उभा होतो. आमरसाची वाटी आली. शेठने स्वतः आग्रह केला, साहेबाने बिचाऱ्याने दोन वाट्या संपवल्या. मग आमोसने ग्लासात वाईन ओतली. ओतताना मला त्याची मान दिसत होती आणि मानेवरून घाम कॉलरीत उतरत होता. माझ्याच शिवणीत. साहेबाने घोट घेतला आणि त्याचा चेहरा असा झाला की जणू कच्ची चिंच चावली. ग्लास त्याने हळूच लांब सरकवला.

शेठने ते पाहिलं. "बटलर! बिघडलेली आणलीस?"

"नाही शेठ. माल चांगला आहे. आमरस..."

"आमरसाला काय झालं? आमरस माझ्या बागेचा आहे. माझ्या पाहुण्याला विषबाधा झाली तर यंत्रं तू बसवणार? तूच पी. इथे. माझ्यासमोर."

आमोसने रिकामा ग्लास घेतला, अंगठाभर ओतली, तोंडात घेतली. आणि मग त्याच्या लक्षात आलं. इथे मोरी नव्हती. पॅन्ट्री नव्हती. दोन्ही गाल फुगवून तो टेबलाशी उभा, आणि मोरी मागच्या पडवीत. तो वळला.

"कुठे चाललास? उत्तर दे. चांगली की वाईट?"

आमोसने मान हलवली. म्हणजे काय ते शेठला कळेना. मलाही कळलं नाही.

"तोंड आहे ना तुला? बोल!"

त्याने माझ्याकडे बघितलं. मी कोपऱ्यातल्या पितळी कुंडीकडे डोळ्यांनी खूण केली. तो बिचारा दोन पावलं सरकला, वाकला. "अरे, कुंडीत काय?" शेठ खुर्चीतून उठला. "पूजेची तुळस आहे ती!"

साहेब बघतोय, शेठ बघतोय, गहिनीनाथ दारातून मान काढून बघतोय. मार्थाबाईंचं घर, दोन खोल्या, सगळं त्या दोन गालांत. थुंकली तर वाईन खराब ठरते आणि नोकरी जाते. न थुंकली तर सोळाव्या वर्षाची सही. मी पाहिलं, त्याच्या गळ्याची घाटी एकदा वर गेली आणि खाली आली.

 चेहऱ्यावर असं काही होतं की मला वाटलं, आता हा पडतो. मग तो ताठ झाला आणि मेसमधल्या आवाजात म्हणाला, "शेठ, वाईन उत्तम आहे. आमरस काढा."

"काय?"

"आमरस टेबलावरून काढा. गहिनीनाथ, वांगं आण. भाकरी आण."

शेठच्या बंगल्यात शेठचा आमरस काढायला सांगणारा तो पहिलाच. पण गहिनीनाथाने आणलं खरं. आमोसने साहेबाला पाण्याचा ग्लास दिला, भाकरीचा तुकडा मोडून वांग्याचा रस लावून पुढे धरला आणि मेसच्या इंग्रजीत विनवलं. साहेबाने घास चावला. घोट घेतला. थांबला. आणखी एक घास, आणखी एक घोट. मग त्याने रिकामा ग्लास आमोसपुढे धरला. एवढंच. पण दोन महिन्यांत त्या माणसाचा पिवळा चेहरा पहिल्यांदा माणसासारखा दिसला, असं गहिनीनाथ मला नंतर म्हणाला. बाटली संपेपर्यंत साहेब उठला नाही आणि वांगी तर पातेल्यात उरली नाहीत.

शेठने हात धुतले आणि म्हणाला, "पहिल्या तारखेपासून ये. पण आमरस आधीच वाढायचा."

"शेठ, पण..."

"आधीच."

परतीच्या गाडीत मी त्याला बोलतं करायचा फार प्रयत्न केला. तोंड बंद. आयुष्यात पहिल्यांदा आमोसने एका जेवणाबद्दल चकार शब्द काढला नाही.

सकाळी घरी पोचलो तर मार्थाबाई ओट्यावर गहू पाखडत होत्या.

"नोकरी मिळाली," आमोस म्हणाला.

"देवाची कृपा."

"गिळली."

सूप थांबलं. "किती?"

"एक घोट."

त्याने सगळं सांगितलं. मी मधेमधे मीठमसाला घातला. मार्थाबाईंनी पदराने कपाळ पुसलं आणि त्या काही बोलणार, एवढ्यात या शहाण्याला राहवलं नाही. "पण मार्था, एक सांगू? घशाखाली गेल्यावर ती वेगळीच लागते गं. तोंडात असते तोवर कळतच नाही. उतरली की मागून ऊब येते, आणि मग खरी चव वर चढते. वीस वर्षं मी अर्धीच चव घेत होतो!"

मार्थाबाईंनी सूप खाली आपटलं. गहू ओटाभर झाले.

"अर्धी? म्हणजे वीस वर्षं आमचं डोकं उठवलंत, माझ्या प्रत्येक फोडणीला नाकं मुरडलीत, या मास्तरांना जगणं नकोसं केलंत, ते अर्ध्या माहितीवर?"

"तसं नाही गं..."

"चपला घाला. दादांकडे जायचं. आत्ताच्या आत्ता. गिळली म्हणायचं, माफी मागायची आणि उठायचं. चवीचं वर्णन करायचं नाही."

"नाही करत."

केलं. पाऊण तास केलं. योसेफदादांनी त्याचं प्रभुभोजन तीन महिने बंद ठेवलं. पुढे एकदा ते माझ्याकडे सदरा टाकायला आले तेव्हा मी विचारलंच, "दादा, एका घोटाला तीन महिने जरा जास्तच नाही का झाले?"

दादा सदऱ्याचं कापड चाचपत म्हणाले, "घोटाचा एकच महिना हो मास्तर. दोन महिने वर्णनाचे."